उपाशीपोटी

तात्यांना साखर झाल्याचं एप्रिलमध्ये कळलं. काष्टीच्या बाजारात कुणीतरी तपासणीचं टेबल मांडलं होतं. तिथं त्यांनी बोट टोचून घेतलं आणि आकडा आला तीनशे बारा. संध्याकाळी त्यांनी मला नगरला फोन केला.

"मोने, सगळा जन्म कारखान्याच्या पट्ट्यात गेला. आता गाळप अंगातच सुरू झालंय."

मी नगरला एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे. सुट्टी लागली तशी मेच्या दहा तारखेला गावी आले. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण खाण्यापिण्याकडे कुणी बघत नव्हतं. येताना मी एक वही आणली होती. तिच्यात तात्यांच्या सबंध दिवसाचा तक्ता केला होता. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी दुधीचा रस, मग भिजवलेल्या मेथ्या, न्याहारीला नाचणीची आंबील, दुपारी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी.

तात्यांनी वही लांब धरून वाचली. "ह्यात मानसाचं खानं कुठं हाय? हे तर म्हशीच्या चाऱ्याचं टिपन दिसतंय."

आई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "दुधी चांगलाच असतो. थंड असतो. पर कच्चा प्यायचा?"

"कच्चाच, आई. शिजवला की त्यातला गुण जातो."

हे मी वाचलं होतं. एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी.

आईला वाचता येत नव्हतं, पण वस्तीवरच्या बायका बारीकसारीक दुखण्याला तिच्याकडेच यायच्या. फळीवर तिचा पत्र्याचा डबा होता. त्यात ओवा, सुंठ, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ. कुणाला कशासाठी काय आणि किती चिमटी, ते तिला पाठ होतं. तिची एक रीत होती. देईल ती वस्तू ती आधी आपल्या जिभेवर ठेवायची.

मी आले त्याच दिवशी शेजारच्या गोजरबाई पोट धरून आल्या. आईनं ओवा आणि गूळ काढला, थोडा आपल्या तोंडात टाकला आणि चघळत बसली.

"आधी तूच खाती," गोजरबाई म्हणाल्या. "दुखतंय माझं पोट का तुझं?"

"खवट लागला म्हंजी? तुझं पोट ऱ्हाईल बाजूला, शिव्या मला देशील."

"त्या तर मी तशाबी देते."

दोघी हसल्या. भाजीचंही आईचं तसंच होतं. काकडी, दोडका, दुधी, काही चिरलं की देठाकडची चकती आधी जिभेला लावायची. हे काही तिचं एकटीचं नाही, सगळ्याच घरांत करतात. मी नगरला काकडी चिरते तेव्हा मीही करते.

आमची लिंबोणी दीड एकर आहे, काष्टीच्या पुढं दोन-अडीच किलोमीटरवर. उन्हाळ्यात लिंबाला भाव असतो आणि उन्हाळ्यातच पाणी नसतं. यंदा कालव्याचं आवर्तन लांबलं. पंधरा तारखेला सुटणार म्हणाले, मग वीस, मग तारीख सांगायचंच बंद झालं. बोअर वीस मिनिटं चालायचा आणि मग नळीतून नुसती हवा यायची. तेवढं पाणी तात्या दोन ड्रममध्ये साठवत आणि कॅन भरभरून एकेका आळ्यात ओतत. एका झाडाला दोन कॅन. दिवसाला चाळीस झाडं. चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्या झाडाशी.

मी कॅन उचलायला गेले की ते हातातून काढून घेत. "तू पुस्तकं उचल. हे येगळं वझं हाय."

त्यांचे पंजे चिरले होते. साखरेनं जखम भरत नाही हे मी वाचलं होतं, म्हणून झोपताना कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं मी त्यांचे हात धुऊन द्यायचे. आठ दिवस वहीतलं सगळं त्यांनी पाळलं. कुरकुर केली, पण पाळलं. बाजारातून मी चार दुधी आणले होते. कोवळे, पोपटी, नख लावलं तर पाणी यावं असे. त्यांचा रस तात्या एका दमात पीत आणि मिशी पुसत. नवव्या दिवशी साखर तपासली तर एकशे अठ्ठ्याऐंशी. गनीभाईंचा टेम्पो लिंबं न्यायला दारात उभा होता, त्यांना तात्यांनी कागद दाखवला.

"बघा गनीभाई. लेकीनं येसन घातली मला."

"घालायलाच पायजे हुती," गनीभाई म्हणाले. "आक्काबाईंना चाळीस वर्षांत जमलं न्हाई ते पोरीनं आठ दिवसांत केलं."

आई लिंबं निवडत होती. तिनं एक नासकं लिंबू गनीभाईंच्या पायाशी फेकलं.

चोवीस तारखेला बाजारातले दुधी संपले. पुढचा बाजार लांब होता. बोअरच्या शेडवर आईनं लावलेला दुधीचा वेल होता. पाण्याची तंगी झाल्यापासून त्याला वेगळं पाणी घालणं बंद झालं होतं, भांडी विसळलेलं मिळेल तेवढंच. खालची पानं करपली होती. पण दोन-तीन फळं धरून होती. वाकडी, वीतभर लांब. घरचं, बिनफवारणीचं, म्हणून मला उलट बरं वाटलं.

पंचवीसला पहाटे आई लिंबाच्या तोडणीला गेली. सहाला लाईट जायची, त्याच्या आत मिक्सर फिरवायला हवा होता. मी वेलावरचा एक दुधी काढला, साल तासली, फोडी केल्या, पुदिना आणि जिरं घातलं, रस गाळला. पेला भरून तात्यांच्या हातात दिला.

पहिल्या घोटालाच त्यांचं तोंड वाकडं झालं. "आज काय, कारलं घातलं व्हय?"

"दुधीच आहे, तात्या."

"कडू लागतंय गं. लई कडू."

मी मोरीवर मिक्सरचं भांडं विसळत होते. तिथूनच म्हणाले, "औषध आहे. औषध काय गोड लागतं?"

त्यांनी पेल्यात वाकून पाहिलं. "तेबी खरंय. गोडानंच तर ही येळ आनली." मग नाक धरून त्यांनी अर्धा पेला संपवला. "ऱ्हायलेला दुपारी पितो. झाकून ठेव."

मी पेल्यावर ताटली घातली आणि माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवला. भांडं विसळताना माझ्या बोटांना रस लागला होता. मी हात धुतला.

साडेसात-आठला आई त्यांना लिंबोणीतून धरून घेऊन आली. तात्या पोटावर हात दाबून वाकून चालत होते. ओट्यापर्यंत आले आणि तिथंच त्यांना उलटी झाली. हिरवट, पाण्यासारखी.

"काल टळटळीत उन्हात कॅन ओढत हुते," आई म्हणाली. "म्हनलं, टोपी घाला. ऐकत्यात का? ऊन लागलंय."

मलाही तसंच वाटलं. तीन दिवस पारा बेचाळीसवर होता. आईनं त्यांना आतल्या अंधाऱ्या खोलीत घोंगडीवर निजवलं. मी कांदा किसला. आईनं तो तळपायाला चोळला, रस कानामागं लावला. कैरी उकडून पन्हं केलं. आईनं चमचाभर चाखून पाहिलं, मीठ वाढवलं आणि दिलं. ते दोन मिनिटं राहिलं आणि बाहेर आलं. पुदिन्याचं पाणी दिलं, तेही गेलं. जिऱ्याचं पाणी दिलं. मग जुलाब सुरू झाले. तात्यांना परसाकडं जाता येईना. आईनं जुनं लुगडं फाडून खाली घातलं. तिला बघून त्यांनी मान भिंतीकडं वळवली.

"मोनीला भाईर जाऊ दे," ते म्हणाले.

मी बाहेर गेले. वही उघडली. उष्णतेच्या विकारावर काय काय, ते मीच लिहून ठेवलं होतं. सब्जा, वाळ्याचं पाणी, धण्याचं पाणी, दुधी. दुधी शीतल, पित्तशामक, दाह कमी करतो.

अकराच्या सुमाराला आई घाण टाकायला मळ्याकडं गेली. मी माठाखालचा पेला काढला. सकाळी त्यांना कडू लागला होता म्हणून त्यात आमच्याच झाडाचं लिंबू पिळलं, मीठ टाकलं, चांगलं ढवळलं. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला ओठाला लावला.

"मोने, आता नको गं."

"थंड आहे, तात्या. पोटातली आग थांबेल. थोडाच राहिलाय."

त्यांनी तो प्यायला. तीन घोट घेतले असतील, चार घेतले असतील. मी ते पुष्कळदा मोजायचा प्रयत्न केला आहे.

अर्ध्या तासात त्यांना जी उलटी झाली ती तांबडी होती. आई दारात उभी राहून बघत राहिली.

"तू बीट दिलंस व्हय त्यांना?"

"नाही, आई."

मग ती पळत गनीभाईंच्या वस्तीकडं गेली. तिला पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. गनीभाईंच्या टेम्पोत लिंबाची कॅरेट भरलेली होती. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, रोशनबींनी, ती तशीच रस्त्याच्या कडेला उन्हात उतरवली, पोती अंथरली, वर गोधडी टाकली. तात्यांना उचलताना त्यांचं अंग गार लागलं. एवढ्या उन्हात गार.

"डोळं उघडा, तात्या," गनीभाई टेम्पो चालवता चालवता मागं वळून ओरडत होते. "झोपायचं न्हाई."

तात्यांना पुन्हा उलटी आली. ती दाबून ठेवायला ते धडपडत होते, कारण गाडी लोकाची.

"करा, खुशाल करा, तात्या. गाडी धुता येती."

काष्टीच्या डॉक्टरांकडं रांग होती. आम्हाला आत घेतलं. डॉक्टरांनी नाडी धरली, पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं?"

"काईच न्हाई खाल्लं," आई म्हणाली. "उपाशीपोटी हायती."

मी शेजारीच उभी होते. मला ते खरं वाटलं. रस म्हणजे खाणं, असं माझ्या डोक्यात आलंच नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर उन्हाचं काहीतरी लिहिलं, सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. बाकावर आम्ही दीड तास बसलो. सलाईन संपत आलं तेव्हा तात्यांची जीभ जड झाली होती आणि नाडी हाताला लागत नव्हती. मग डॉक्टरांनीच गनीभाईंना बोलावलं. "नगरला न्या. थांबू नका."

नगरला पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तिथली डॉक्टर माझ्यापेक्षा लहान असेल. तिनं कागद पुढं ओढला. "कालपासून यांच्या पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट सांगा. पाणीसुद्धा."

मी सांगायला लागले. रात्री भाकरी, मेथीची भाजी. सकाळी पन्हं, पुदिन्याचं पाणी, जिऱ्याचं पाणी. "आणि त्याआधी दुधीचा रस."

तिचं पेन थांबलं. "कडू होता?"

त्याच क्षणी मला कळलं. सगळं एकदम कळलं. मोरी, ताटली, लिंबू, सगळं. मी बोलणार, तेवढ्यात आई पुढं झाली.

"व्हय. कडू हुता."

"कुणी दिला?"

"मी दिला," आई म्हणाली. "माझ्या हातानं."

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं. डोक्यावरचा पदर, हिरव्या बांगड्या, लिंबाच्या काट्यांनी ओरखडलेले हात. "आजी, कडू लागलं तर थुंकायचं एवढंसुद्धा कळलं नाही? कडू दुधी म्हणजे विष असतं. यावर उतारा नाही. लवकर आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. आणि वरून दिवसभर पन्हं नि पुदिना."

"चुकलं, बाई," आई म्हणाली.

"किती दिला?"

आईला ते माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी म्हणाले, "एक पेला. दोन वेळा मिळून." डॉक्टरनं ते लिहिलं. पेला कुणी दिला ते आधीच लिहून झालं होतं. ते मी खोडायला सांगितलं नाही.

बाहेर जिन्याखाली आम्ही बसलो. आई बराच वेळ नखातली माती काढत होती. मग हळू बोलली.

"काल सांजंला त्याच येलाचा एक कापला हुता, भाजीला. जिभंला लावला आन् थुकला. उकिरड्यावर टाकून दिला आन् मेथी केली. तुला सांगायचं ऱ्हायलं."

"आई, रस मी दिला. दोन्ही वेळा मी दिला. कडू आहे म्हणाले ते मला."

"ठावं हाय."

"मग तू का..."

"लेकीनं बापाला दिला असं कुनी म्हनाया नको." तिनं पदर सारखा केला. "मी हाय की. मी दिला म्हनलं तर काय हुतंय? मीच देत असते समद्यांना."

तात्यांची लघवी बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा त्यांनी डोळे उघडले आणि पाणी सुटलं का, असं विचारलं. मला आधी समजलं नाही, मग समजलं, कालव्याचं. मी म्हणाले, "सुटलं." दुपारी दोनला ते गेले.

गावात पहिले तीन दिवस सगळे ऊन लागलं असंच म्हणत होते. गनीभाईंनी दवाखान्यात ऐकलं होतं, पण ते बोलणारे नव्हते. दवाखान्याचे कागद मात्र माझ्या चुलत्यांनी वाचले. चौथ्या दिवसापासून बायका ओट्यावर आल्या की आवाज खाली करायच्या. गोजरबाई येत, बसत, पण त्यांच्या सुनेला बाळंतपणानंतर कंबरदुखी होती, तिला त्यांनी श्रीगोंद्याला नेलं. एका पोरीचा कान दुखत होता. तिची आई आमच्या दारावरूनच पुढं गेली. आईनं फळीवरचा डबा उतरवला, धुतला, उन्हात वाळवला आणि त्यात तांदूळ भरले. मी बघत होते. रोज ठरवायचे की आज बोलायचं, आणि दिवस मावळायचा. लिंबोणीला पाणी घालायला आम्ही दोघी जात होतो. दोन माणसांत एक कॅन. सात झाडं वाळली ती वाळलीच.

तेराव्याला खर्ड्याहून रंगुआत्या आल्या. तात्यांची धाकटी बहीण. त्यांनी आल्या आल्या आईच्या गळ्यात पडायचं टाळलं. बायका घरभर बसल्या होत्या. आई कोपऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. कपाळ मोकळं, हात मोकळे.

आत्या थोडा वेळ रडल्या. मग डोळे पुसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "समद्या गावाला औषध देती म्हनून लई नाव हुतं वैनीचं. माझा भाऊ मागून पानी प्याला नसंल कधी. दिलं ते पेत गेला. कडू लागतंय का गोड, तेबी हिनं बघितलं न्हाई."

आईचा हात सुपात फिरत राहिला. खडा सापडला की ती तो उचलून बाजूला ठेवत होती.

"जिभंला लावून बघायचं तरी," आत्या म्हणाल्या. "जनावरसुदिक हुंगतं."

मी उभी राहिले. "आत्या, रस आईनं दिला नाही. मी दिला."

आत्यांनी वर पाहिलं.

"आई तोडणीला गेली होती. रस मी केला. तात्या म्हणाले, कडू लागतंय. मी म्हटलं, प्या. उरलेला दुपारी मीच लिंबू पिळून पाजला. आईला ठाऊकसुद्धा नव्हतं."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. आत्या उठतील, मला मारतील, आईचे पाय धरतील, काहीही. आत्या उठल्या. माझ्यापाशी आल्या. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्यांना हुंदका फुटला.

"बघा गं बायांनो. लेक असावी तर अशी. आईचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायला निघाली."

"आत्या, खरं सांगते मी. दवाखान्यात आई खोटं बोलली."

"गप, बाळा," गोजरबाई मागून म्हणाल्या. त्यांचाही पदर डोळ्याला होता. "एवढी शिकलेली पोर तू. तू असं करशील व्हय? किती जीव जाळशील आईसाठी?"

"आई, तू सांग," मी म्हणाले. "तू सांग ह्यांना."

आईनं सूप खाली ठेवलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तिचं काय ऐकता?" ती बायकांना म्हणाली. "बापाच्या मागं डोकं ठिकान्यावर न्हाई तिचं." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "बसा. पाव्हन्या लांबनं आल्यात. चहा टाकते."

आत्यांनी माझ्या तोंडावरचे हात काढले, डोळे पुसले, आणि आईकडं न बघता म्हणाल्या, "मोने, तू टाक. तिच्या हातचा नको."

आई चुलीकडं निघाली होती. ती अर्ध्यातच थांबली, परत फिरली आणि सुपापाशी बसली.

मी पातेलं ठेवलं. पाणी, साखर, आलं, पत्ती. उकळी आली, दूध घातलं. एकवीस कप भरले आणि परातीत मांडून फिरवले. सगळ्यांनी घेतला. कुणी काही विचारलं नाही. रंगुआत्यांनी फुंकर मारून पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "चांगला झालाय."